पाद्र्याशी भांडणारे सबनीसकाका

सबनीसकाकांना पाहण्याआधी मी त्यांचा आवाज ऐकला. लग्न होऊन मी बहारीनला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. सनाबिसमधल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमधून मराठीत कुणीतरी ताडताड बोलत होतं, "अहो, कळत नव्हतं तर कुणाला तरी विचारायचं होतं! सरळ छापून मोकळे झालात?" पलीकडून काही उत्तर येत नव्हतं. मी दह्याला विरजण मागायला गेले होते आणि बेल दाबून बसले होते, त्यामुळे मागेही फिरता येईना. दार उघडलं. नलूकाकू म्हणाल्या, "ये गं, घाबरू नकोस. ज्याच्याशी भांडण चाललंय तो केव्हाच मेलाय. शंभर वर्षं तरी झाली असतील."

तो मेलेला माणूस म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात आपल्याकडे आलेला एक इंग्रज पाद्री. काका त्याचं नाव घेत नसत, 'आमचा पाद्री' म्हणत. तो धर्मप्रसारासाठी आला, वर्षानुवर्षं दख्खनात राहिला, मराठी शिकला, थोडं संस्कृत शिकला आणि संतांच्या अभंगांचं इंग्रजी भाषांतर करून त्याने ते विलायतेत छापलं. प्रस्तावनेत त्याचं म्हणणं असं, की या लोकांच्या कवितेत माया आहे पण विचार नाही, ही सगळी लहान मुलाची बडबड आहे. पुण्यात कॉलेजात असताना हे पुस्तक काकांच्या हाती पडलं आणि ते जे पेटले ते पेटलेच. त्यांना खरं तर संस्कृत घ्यायचं होतं. वडिलांनी इंजिनिअरिंगला घातलं, पुढे नोकरी बहारीनला मिळाली. दिवसा रिफातल्या व्हिलांचे पाये आणि हमद टाउनमधल्या घरांचे स्लॅब, आणि संध्याकाळी अंघोळ करून पाद्री.

त्याला सविस्तर उत्तर द्यायचं काकांनी ठरवलं होतं. आधी प्रस्तावनेचा समाचार, मग त्याच अभंगांची स्वतः केलेली इंग्रजी भाषांतरं, म्हणजे जगाला फरक कळेल. इंग्रजी त्यांचं उत्तम होतं. पण एक ओळ त्यांच्या हातून सुटेल तर शपथ. 'माहेर' या एका शब्दावर त्यांनी एक अख्खा उन्हाळा काढला. पाद्र्याने त्याचं 'आईचं घर' केलं होतं. काका म्हणायचे, "पत्ता बरोबर आहे हो, पण तिथे पोचल्यावर कसं वाटतं ते कुठाय?" मग स्वतःचं वाचून दाखवायचे आणि मला आवडलं म्हटलं की मान हलवायचे. "नाही. बसत नाही अजून."

हे 'बसत नाही अजून' मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की मलाच त्याचा शीण यायला लागला होता. काकू गाणाऱ्या. कुकर लावता लावता, घड्या घालता घालता त्या तेच अभंग गुणगुणायच्या आणि काका आतून ओरडायचे, "नलू, ती ओळ परत म्हण!" त्या म्हणायच्या. नंतर हळूच मला सांगायच्या, "माझं गाणं यांना फक्त शब्दांपुरतं लागतं बघ."

एकदा गणपतीत इथल्या मराठी मंडळाने काकांचं भाषण ठेवलं. रिफातला एक हॉल होता. काकांनी चांगली तयारी केली होती, इस्त्रीचा झब्बा घातला होता. प्रस्तावनेचा दुसरा मुद्दा सुरू झाला आणि मागे जेवणाची भांडी वाजायला लागली. मुलं धावत होती. मंडळाचा कार्यकर्ता येऊन कानाशी म्हणाला, "काका, आटपतं घ्या, पुरी गार होतेय." बँकेतल्या एका तरुण गृहस्थांनी मात्र मनापासून प्रश्न विचारला, "सर, पण आता तो पाद्री नाही, त्याचं राज्य नाही. हे तुम्ही लिहिताय कुणासाठी?" काकांनी माइक बंद केला. मग म्हणाले, "चला, जेवून घेऊ."

परतताना त्यांच्या गाडीत मी आणि माझे यजमान मागे बसलो होतो. सिग्नलला काका म्हणाले, "प्रश्न बरोबर होता त्याचा." काकू म्हणाल्या, "केतकीसाठी लिहा." काका नुसते हसले. केतकी त्यांची मुलगी. जन्मापासून बहारीनमध्ये वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. आईवडील मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई. देवनागरी तिला धड वाचता येत नव्हती. पुढे ती कॅनडाला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. काकांनी तिला मराठी शिकवायचं ठरवलं होतं, तेही नीट पुस्तक मिळालं की, वेळ झाला की. इंशाल्ला, इंशाल्ला करत पोरगी मोठी झाली.

नंतरची वर्षं उतरणीची होती. काकांच्या कंपनीला कामं मिळेनाशी झाली. साइटवरून ते घामाने भिजून यायचे आणि जिन्यातच बसायचे. पाद्र्याशी भांडणही मंदावलं. एकदा मला म्हणाले, "त्यालाही उन्हाळा सोसत नव्हता गं. पुस्तकात एके ठिकाणी लिहिलंय त्याने. बायको तिकडे, हा इकडे. कशाला केलं असेल एवढं?" आवाजात राग नव्हता. दमलेला माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसाबद्दल बोलतो तसं बोलत होते.

मग काकूंचं दुखणं निघालं. पोटात गाठ होती आणि ती फार उशिरा कळली. केतकी कॅनडाहून धावत आली. हॉस्पिटलमध्ये काकूंचा आवाज गेलाच होता, कुजबुजीएवढाच उरला होता. एका दुपारी मी काकांबरोबर डबा घेऊन गेले. खोलीच्या दाराशीच काका थांबले. आत केतकी आईच्या उशाशी बसून मोबाइलवरून इंग्रजीत काहीतरी वाचत होती. दोन ओळी ऐकल्या आणि मी ओळखलं. पाद्र्याचं भाषांतर होतं ते. जुनी पुस्तकं आता इंटरनेटवर कुणालाही सापडतात, तिला तेच सापडलं होतं. आईला अभंग ऐकायचे होते, हिला मराठी वाचता येत नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. ते भिंतीला हात लावून उभे होते.

केतकी वाचत होती, की मूल आपल्या आईपाशी एक गल्ली करतं. ती अडखळली. "आई, स्ट्रीट? व्हाय अ स्ट्रीट?" आणि काकू हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. "अगं, आळी," त्या कुजबुजल्या, "आळी करणं म्हणजे हट्ट करणं. तू करायचीस ना, दुकानात लोळण घेऊन? तशी आळी. त्या मेल्याला आपली बामणआळी, सोनारआळी वाटली!" केतकीही हसली. मग म्हणाली, "नेक्स्ट?" आणि पुढची ओळ वाचली. काकू तिथेही काहीतरी सांगू लागल्या.

पुढे रोज हेच चाललं. पाद्र्याचं चुकायचं, काकू दुरुस्त करायच्या, मुलगी विचारायची. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी मराठी शब्दांवर बोलत होत्या. त्या पहिल्या दिवशी मात्र केतकीने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि इंग्रजीतच, अगदी साधेपणाने विचारलं, "बाबा, तुम्ही केलेलं कुठाय? मी ते वाचते ना."

काका म्हणाले, "अजून..." खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "वाच. हेच वाच."

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं. "त्याचं चुकलं, पण त्याने केलं तरी." गाडीची किल्ली त्यांना खिशात सापडत नव्हती. मी शोधून दिली.

काकू गेल्या. काही महिन्यांत कंपनीही बंद झाली, व्हिसा संपायला आला. काका फ्लॅट रिकामा करून चिपळूणला धाकट्या भावाकडे जायला निघाले. मी त्यांना सामान बांधायला मदत करत होते. प्रस्तावनेवरची सगळी टीका, एवढ्या वर्षांचं लिखाण, त्यांनी इमारतीखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी अडवायला गेले तर म्हणाले, "खलास. भांडण संपलं म्हणून नाही गं. तो आपल्याला बडबडणारी पोरं म्हणाला ते खोटंच आहे. पण ते सिद्ध करत बसलो आणि आमचं पोर तेवढ्यात मोठं झालं." भाषांतरं मात्र त्यांनी हातातल्या पिशवीत घेतली. एअरपोर्टवर ती पिशवी त्यांनी ट्रॉलीवर ठेवू दिली नाही.

चिपळूणहून त्यांनी केतकीला रोज सकाळी एक अभंग पाठवायला सुरुवात केली. आधी मराठीत म्हणून दाखवायचे, काकूंच्या चालीत, आवाज बेसूरच; मग आपलं इंग्रजी. बोलून रेकॉर्ड करायचे आणि पाठवून द्यायचे. तिने त्यातले काही मला ऐकवले आहेत. शेवटी ठरलेलं असे, "चुका असतील. कळव." आणि ती कळवायची, आधी इंग्रजीत, मग मोडक्या मराठीत. काका तिचं मराठी दुरुस्त करायचे नाहीत. हे मला तिनेच सांगितलं आणि मला पटेना.

मागच्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. आदल्या सकाळचा अभंग केतकीकडे पोचला होता. त्यातल्या एका शब्दापाशी ते थांबले होते. थकलेल्या आवाजात म्हणत होते, "केतकी, इथे 'शीण' आहे. आमच्या पाद्र्याने थकवा केलाय. थकवा झोपेने जातो. शीण कुणी विचारलं की जातो. इंग्रजीत काय म्हणायचं, ते मला नाही सुचत. तू ठरव."

तेराव्यानंतर तिचा फोन आला. बहारीनमधल्या सीफ भागातलं माझं ऑफिस सुटलं होतं, मी गाडीत, पुढे गाड्यांची न हलणारी रांग. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. कॅनडातल्या थंडीचं थोडं बोलली, शब्द अजून ठरला नाही म्हणाली. मग जरा थांबून, एकेक अक्षर जपून उच्चारत, मराठीत म्हणाली, "ताई, तुला शीण आला का गं?"

मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मी गाडी कडेला घेतली आणि तिला सांगत बसले.