कुरडयांचं ताट

ए बाई, जरा कान इकडे कर. ‘आई, खिडक्या लावून बस’ एवढं फोनवर सांगितलं की तुझं काम संपतं का गं?

आज गच्चीवर कुरडया घातल्या. सकाळी पांढऱ्याशुभ्र होत्या, दुपारी बघते तर राखेत लोळवल्यासारख्या. समोरच्या नव्या टॉवरची सिमेंटची धूळ, दुसरं काय! शेजारच्या मंदाताईंनी ताट उचललं आणि आम्ही सात-आठ बायका थेट साइटच्या ऑफिसात गेलो. “साहेब, तळून आणते, खाऊन दाखवा,” मंदाताई म्हणाल्या. साहेब हसले. “काकू, उद्या हिरवं कापड लावतो.” त्यांचा उद्या होळीपासून चाललाय.

मग तिथेच तक्रारीचा कागद फिरला. धूळ आवरेपर्यंत काम बंद ठेवा, असं लिहिलेलं. माझ्या हातात पेन आलं आणि मी घुटमळले. त्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर तू घर घेतलंयस, माझ्याजवळ राहता यावं म्हणून. मंदाताईंना ते ठाऊक आहे. त्या पदर तोंडाला लावून खोकत राहिल्या. मी सही केली.

तेव्हापासून बसून आहे. एकाचं घर उभं राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या छातीत धूळ जायलाच हवी, असं कुणी ठरवलं असेल? चिडायचं तरी कुणावर, त्यात माझीच लेक राहायला येणार. दमले गं.

तुझं घर लांबलं तर मला खुशाल बोल. पण समोर बसून बोल. ताबा मिळायची वाट बघू नकोस, या रविवारीच ये.