आधी जेवून घे

अंदमानातल्या त्या लहानशा बंदरात बोट दिवसभर थांबणार होती. सिमेंट, कांदे-बटाटे, पत्रे असं काय काय उतरवायचं होतं. आम्हा प्रवाशांपेक्षा त्या कांद्यांची किंमत जास्त आहे, हे एव्हाना आम्हाला कळून चुकलं होतं. आमची मुलगी पार शेवटच्या बेटावर शाळेत शिक्षिका लागलेली. तिला बघायला मी आणि माझा नवरा वर्ध्याहून निघालो होतो. बोट हलली की मी बादली धरून बसायचे आणि हे गृहस्थ खुशाल शेंगदाणे चघळत समुद्र बघायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आई तेव्हा भावाकडे होती, वर्ध्याजवळ सिंदी मेघेला. सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणली होती, पण तब्येतीचा भरवसा नव्हता. मी जात नाही म्हटलं तर तिनं मलाच झापलं. "जाय वं, पोरीले पाहून ये. मी काय कुठं पळून चालली?"

समुद्रात फोन लागत नसे. त्यामुळे बोट धक्क्याला लागली तसे सगळे फोन काढून उतरले. आधी वाजला नवऱ्याचा. तो उचलून ते जाळ्यांच्या ढिगाऱ्याआड गेले आणि परत आले ते मान खाली घालून. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणाले, बँकवाल्यांचा. जन्मात धड खोटं बोलता आलं नाही या माणसाला.

मग माझा वाजला. भाऊ होता.

"पोचली का ताई? जेवली का?"

"अरे, आत्ता कुठं सकाळ झाली. आई कशी आहे?"

"हाये ना. तू पह्यले जेवून घे बरं. पोटभर जेव. मंग फोन कर." आणि ठेवून दिला.

मी तिथंच पायरीवर बसले. आमच्या घरची रीतच आहे ती. मयत उचलेपर्यंत घरात कोणी तोंडात घास घालत नाही. म्हणून दूरच्या माणसाला निरोप द्यायचा तर आधी त्याला जेवू घालायचं, मग सांगायचं. ऐकल्यावर कोण जेवणार? काका गेले तेव्हा मला घ्यायला आलेल्या चुलतभावानं जामच्या फाट्यावर गाडी थांबवून तर्री-पोहे खायला लावले होते. मी मिटक्या मारत खाल्ले आणि मग त्यानं सांगितलं. तेव्हापासून फोनवर कोणी जेवणाचा आग्रह केला की मी समजून जाते, कोणीतरी गेलं.

आणि त्या पायरीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. मी जेवले नाही तर हे मला सांगणार नाहीत. सांगितलं नाही तोवर आई आहे. शिकलेली बाई मी, आयुष्यभर नोकरी केली. हे खूळ आहे हे मला कळत होतं. पण मी ते सोडायला तयार नव्हते.

गावात एकच रस्ता होता. दोन्ही बाजूंना पत्र्याची दुकानं, सुकत घातलेली मासळी, वर उन्हाचा तडाखा. नवरा मला एका खानावळीत घेऊन गेला. मी म्हटलं, माशाच्या वासात मला खाववत नाही. त्यांनी विचारत विचारत शाकाहारी हॉटेल शोधून काढलं. तिथं मी पुऱ्या तेलकट म्हणून सरकवल्या. दुपारी भात आला, तर म्हटलं मळमळतंय. ते एरवी चिडले असते. त्या दिवशी नुसतं ताट बाजूला सरकवलं आणि त्यांनी स्वतःही काही खाल्लं नाही. ते मला दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावायचं टाळत होते.

त्यांचा फोन मात्र सारखा वाजत होता. बाजूला जाऊन ते हळूच बोलायचे, "नाई अजून. पाहतो."

अंदमानात दिवस लवकर मावळतो. आम्ही धक्क्यावर परत आलो तेव्हा पाणी काळं दिसायला लागलं होतं. मला वाटलं, झाला दिवस, जिंकले मी. तेवढ्यात ते समोर येऊन उभे राहिले. हातात इडल्यांचं पुडकं होतं.

"खाऊन घे आता," ते म्हणाले. "आपल्या वर्ध्याकडं अजून उजेड हाये, पण थोडाच. अंधार पडल्यावर मयत नेत नाईत. घरी सकाळपासून कोणाच्या पोटात अन्नाचा कण नाई. तुह्या भावाची शुगर दोनदा उतरली, तरी नुसतं पाणी पिऊन राह्यला. म्हणते, ताई जेवल्याबिगर तिले सांगणार नाई, अन् तिनं तोंड पाह्यल्याबिगर आईले उचलणार नाई."

मी आईला दिवसभर जिवंत ठेवलं होतं म्हणे. ठेवलं होतं ते अंगणात, बर्फाच्या लाद्यांवर.

मी खाल्लं. इडली गार होती. पाण्यानं ढकलली. रडलेसुद्धा नाही, रडत खायला वेळ नव्हता. नवऱ्यानंही एक इडली हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

मग त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आईला अंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं. नाकात कापूस होता. चित्र सारखं अडकत होतं. तिचा चेहरा फुटायचा आणि परत जुळायचा. मागे खुर्च्यांवर बसलेली गल्लीतली माणसं उठून उभी राहिली. त्यांनीही घरी जाऊन जेवायचं थांबवलेलं असणार. मग भाऊ दिसला. ओठ कोरडे पडले होते त्याचे, आणि माझ्यावर एका अक्षरानंही रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"पाह्यलं ना ताई?" त्यानं विचारलं. "उचलू आता?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "उचल."