कादंबरीत मेलेली आत्या

माझ्या थोरल्या भावाने कादंबरी लिहिली आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने सकाळी फिरायला जावं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडावं. याने वंशावळ उकरली. एव्हरशाईन सिटीतल्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं. वक्ते 'पिढ्यांच्या जखमा' आणि 'हीलिंग' असं घोळवून घोळवून बोलत होते. पहिल्या रांगेत वहिनी डोळे टिपत होती. तिने पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

कादंबरीत आमची आत्या आहे. नाव बदललंय, तेवढीच काय ती लाज. आत्याने पाचूबंदरच्या कोळ्याशी लग्न केलं तेव्हा आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली, आणि आमच्या घरात तिचा विषय निघेनासा झाला. पुस्तकात ती पुढे तिथल्याच किल्ल्यामागच्या समुद्रात जीव देते. मग कर्तबगार भाचा, म्हणजे हाच, किनाऱ्यावर जातो, समुद्रात उभा राहून तिला पाणी देतो, ढसाढसा रडतो आणि अख्खं घराणं एका प्रकरणात बरं होतं.

खरी आत्या जिवंत आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. माझं लग्न झाल्यापासून मी तिच्याकडे जाते. दर वेळी ती एकच विचारते, माहेरचा पुरुष कधी येणार? "जेवू नको म्हनावं. नुसता बस."

प्रकाशनानंतर मी भावाला म्हटलं, "दादा, रडून झालं असेल तर चल. रिक्षाने जाऊ आत्याकडे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, लोक ही सत्यकथा समजतात. शेवट वाचून बायका फोनवर रडतात. ती जिवंत निघाली तर माझ्या पुस्तकाचं काय?"

मला हसू फुटलं. त्याला वाटलं, मला पटलं.

परवा आत्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती दारात बसून कोळंबी सोलत होती. हात काही थांबले नाहीत.

"मेले तर मेले. मंग मला पानी कोनी दिलं?"

"दादाने. समुद्रात उभं राहून."

"म्हंजे आला तो," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर समाधान पसरलं. त्या समाधानासाठी मी भावाला कधीच माफ करणार नाही.