आम्ही सात जणी

घरातून आम्ही सात जणी एकाच टेम्पोतून निघालो. सहा मेंढ्या मागे हौद्यात आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर सॅक घेऊन. निघताना आईनं सातही जणींच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मेंढ्यांना आधी, मला नंतर. "जाते म्हनू नगं, येते म्हन," असं तिनं मला बजावलं. मी हौद्याकडे हात करून सगळ्यांच्या वतीनं म्हटलं, "येतो गं आमी." आबा हसले. दोन महिने पौडहून पुण्याला येऊन-जाऊन नोकरी केल्यावर त्या दिवशी मी पुण्यात राहायला निघाले होते, आणि ज्या प्रकल्पात मी काम करत होते त्यासाठी आबांनी आपल्या सहा मेंढ्या दिल्या होत्या. टेम्पो दोन्ही कामांना एकच केला, कारण वाट एकच होती.

आमच्या घरात जाणं ही रडायची गोष्ट कधीच नव्हती. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जायचे आणि आभाळ भरायच्या आत परतायचे. मुळशीच्या पावसात मेंढीचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्यात पुन्हा बिऱ्हाड पूर्वेला, कोरड्या मुलखात. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ आबा बाहेर असत, तरी ते घर सोडून गेलेत असं आम्हाला कधी वाटलं नाही. जो जातो तो येतो. तुमच्यापैकी जे कोणी गाव सोडून दूर गेले आहेत, त्यांनी निघताना पोटात कालवल्याचं सांगितलं की मला नवल वाटायचं. माझ्या पोटात तेव्हा फक्त आईच्या हातची भाकरी होती.

सरांविषयी, म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुखांविषयी, आधी चांगलं सांगते, कारण ते चांगलेच होते आणि घोळ तिथंच आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं होतं. आमच्या कॉलेजात प्राणी म्हणजे बाटलीतला बेडूक. पुण्यातल्या त्या संशोधन संस्थेत माझ्या इंग्रजीला न हसणारे सर पहिलेच. पाहुणे आले की मला बोलावून म्हणायचे, "ही आमची मेंढपाळ सायंटिस्ट." मी तेव्हा फुगायचे. आज तो शब्द आठवला की कानाच्या पाळ्या तापतात.

प्रकल्प संस्थेचा आणि एका कंपनीचा, दोघांचा मिळून होता. साप चावलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब टाकला की साप विषारी होता की नाही आणि कुठला होता, हे लगेच सांगणारी पट्टी बनवायची होती. त्यासाठी मेंढीला विषाचा निष्प्रभ केलेला अगदी थोडा अंश टोचायचा, तिच्या अंगात त्याला तोंड देणारी प्रतिद्रव्यं तयार होऊ द्यायची, आणि दर काही आठवड्यांनी मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं. आमच्या घरात हे फार समजावून सांगावं लागलं नाही. माझी सखूआत्या मण्यार चावून गेली होती. ती झोपेत असताना मण्यार चावली, खूण दिसली नाही, सकाळी आत्या पोटात दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात दुपारपर्यंत तिला पोटदुखीचंच औषध देत राहिले. तशी पट्टी तेव्हा असती तर आत्या वाचली असती, असं मी आबांना सांगितलं. ते मी मनापासून सांगितलं होतं आणि आजही ते खोटं नाही.

मेंढ्यांच्या मालकाला द्यायचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. त्याचं मराठी सरांनी माझ्याकडून करून घेतलं. सगळे शब्द जमले, शेवटच्या टप्प्यापाशी मी अडले. तिथं लिहिलं होतं, टर्मिनल ब्लीड. टर्मिनल म्हणजे शेवटचा थांबा, हे मला एसटीमुळे पक्कं माहीत. मी लिहिलं, "अखेरचे रक्तसंकलन". सरांनी ते पान वाचलं. त्या ओळीवर त्यांचं पेन थोडं थांबलेलं मला दिसलं. मग म्हणाले, "छान झालंय. तुझं मराठी फार स्वच्छ आहे."

सर स्वतः आमच्या घरी आले. मांडी घालून बसले, भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी जेवले, आईला ताई म्हणाले. मी पत्रक वाचून दाखवलं, म्हणजे वाचलं कमी आणि आमच्या बोलीत सांगितलं जास्त. आबांनी शेवटी एवढंच विचारलं, "आन अखेरचं झालं की?"

मी म्हणाले, "अखेरचं झालं की घरी."

हे वाक्य कागदावर नव्हतं. ते माझं होतं. सर माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. ते ताटातल्या आमटीकडे बघत राहिले आणि मग आईला म्हणाले, आणखी थोडी वाढा. आबांनी किंमत घ्यायला नकार दिला. इकत न्हाई, देतोय, म्हणाले, आणि सही केली.

तर टेम्पो निघाला. वाटेत उरवड्याला कंपनीच्या शेडपाशी त्या सहा उतरल्या आणि मी पुढं पुण्याला गेले. उतरल्या उतरल्या त्यांच्या कानात नंबराचे बिल्ले मारले. त्यांच्यातली म्होरकी होती कानी. जन्मतःच तिचे कान चिमटीएवढे, म्हणून हे नाव. तिला बिल्ला मारायला कानच पुरेना. शेवटी तिचा एस-फोर गळ्यात बांधला. मी आबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते केवढे हसले. म्हणाले, "कानी कुनाला बधायची न्हाई."

पुण्यातलं ते वर्ष माझं सुखाचं गेलं. रूममेट नाशिकची, मेसचं जेवण बरं, लॅबमध्ये एसी. जर्नल क्लब, प्रेझेंटेशन, डेडलाइन हे शब्द तोंडात बसले आणि घरी फोन करताना ते मधेच निसटू लागले. आई म्हणायची, आता तुझ्याशी बोलायला दुभाषा ठेवायचा का. प्रकल्पाच्या अहवालात आबांचा फोटो छापून आला, फेट्यासकट. खाली लिहिलं होतं, "लाभार्थी शेतकरी". आमच्याकडे शेत नाही म्हणून मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, अगं, फंडिंगवाल्यांना तेवढंच कळतं.

आबा मात्र अधूनमधून उरवड्याला जायचे. कंपनीच्या कंपाउंडबाहेर उभे राहून हाळी द्यायचे. जीभ टाळूला लावून काढलेला तो आवाज मला कागदावर लिहिता येत नाही. हाळी दिली की आतून आधी कानी ओरडायची, मग बाकीच्या पाच. वॉचमन बिहारचा होता. तो पहिल्यांदा हाकलायचा, नंतर आबांसाठी स्टूल बाहेर ठेवू लागला. आबा थोडा वेळ बसून, तंबाखू मळून परत यायचे.

मग एका दुपारी मला त्यांचा फोन आला. लॅबमध्ये फोन घ्यायचा नसतो, तरी मी घेतला.

"मी हाळी दिली," आबा म्हणाले. "आतनं कोन बोललं न्हाई."

मी म्हटलं, दुसऱ्या शेडमध्ये हलवल्या असतील. ते म्हणाले, वॉचमन माझ्याकडं बघंना, पोरी. मी पुन्हा म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी विचारते. मला खरंच तसं वाटत होतं.

सर केबिनमध्ये होते. मी विचारलं तेव्हा ते कॉम्प्युटरवरून नजर काढून शांतपणे म्हणाले, गेल्या आठवड्यात शेवटचा टप्पा झाला, टायटर, म्हणजे प्रतिद्रव्यांचं प्रमाण, उत्तम आलंय. मग मला नीट समजेल असं समजावूनही सांगितलं. शेवटच्या वेळी मेंढीला भूल देतात आणि मिळेल तेवढं सगळं रक्त काढून घेतात. ती पुन्हा उठत नाही. टर्मिनल म्हणजे ते. प्रोटोकॉलमध्ये पहिल्यापासून आहे आणि समितीची मंजुरीही आहे.

मी म्हटलं, सर, मी तर चुकीचं लिहिलं होतं. तुम्ही वाचलं होतं.

"चूक कुठे? अखेरचंच की ते," सर म्हणाले. मी उभीच राहिले म्हणून चष्मा काढून त्यांनी पुढचंही सांगितलं. "आणि मी तेव्हा दुरुस्त केलं असतं, तर तुझे वडील तयार झाले असते का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, ओशाळलेपण तर नव्हतंच. उत्तर मला येतंच असणार, अशा थाटात त्यांनी ते विचारलं. माझ्या स्वच्छ मराठीवर पेन का थांबलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. मला लिहिता येत होतं म्हणून त्यांनी मला लिहायला लावलं नव्हतं. मी लिहिलेलं आबा मानतील, म्हणून लावलं होतं.

त्या रविवारी मी घरी गेले. पौडच्या बसमध्ये सगळं पाठ केलं होतं, सखूआत्यापासून सुरुवात करून. आबा अंगणात मेंढीच्या लोकरीचं सूत कातत बसले होते. मी सगळं सांगितलं, माझं वाक्यही सांगितलं. चाती फिरायची थांबली नाही. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे, जनावरच ते. मेंढरं काय आम्ही विकत नव्हतो? कितीतरी मेंढरं खाटकाच्या गाडीत चढलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत.

"खाटीक येतो तो खाटीक म्हनून येतो," आबा म्हणाले. "मी बी त्याला खाटीक म्हनूनच भाव सांगतो. ह्यानं माझी भाकर खाल्ली. आन तू आपल्या बोलीत सांगितलंस, म्हनून मी दिली."

एवढंच. पुढं या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

पट्टीचं काय झालं तेही सांगते. कंपनीनं पाहणी केली तेव्हा निघालं की साप चावतात ते गरिबाला, आणि गरिबाच्या आजाराला बाजार नसतो. त्यांनी घरातल्या कुत्र्यामांजरांच्या तपासण्यांचं काम हाती घेतलं. पट्टी लॅबच्या पुढं सरकलीच नाही. सरांचा पेपर मात्र छापून आला. त्यात माझं नाव चौथं आणि शेवटी "स्थानिक पशुपालकांचे आभार". सहा जणींचा सीरम खालच्या मजल्यावरच्या डीप फ्रीजरमध्ये होता. एकदा मी दार उघडून पाहिलं. एस-फोरची रॅक तिसऱ्या कप्प्यात होती, लेबलावर माझंच अक्षर. दार फार वेळ उघडं राहिलं की अलार्म वाजतो. तो वाजेपर्यंत मी उभी होते.

तुम्ही म्हणाल, मग नोकरी सोडलीस ना? नाही सोडली. पुढं परदेशात पीएच.डी.साठी अर्ज केला आणि त्याला शिफारसपत्र लागलं. ते सरांकडूनच घेतलं. फार सुंदर पत्र होतं. त्यात "प्रामाणिक" हा शब्द होता. ते पत्र घेऊन मी विमानात बसले. विश्वासघात केला म्हणून मी सरांकडे बोट दाखवते तेव्हा उरलेली बोटं कुठे वळतात ते मला दिसतं, पण म्हणून माझा राग कमी होत नाही. मी चुकले होते, त्यांनी मला चुकू दिलं. या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मला कोणी सांगू नये.

निघायच्या दिवशी आईनं पुन्हा हळदकुंकू लावलं. या वेळी मी एकटीच होते. "येते म्हन," आईनं आठवण केली. मी वाकून सॅकचे बंद आवळले. ज्यांच्या वतीनं मी येतो म्हटलं होतं, त्या सहा जणी कुठे आल्या होत्या? आबा खांबाला टेकून उभे होते. आमच्याकडे जाणाऱ्याला कुणी तसं बोलत नाही, पण ते म्हणाले, "जा."

आता मी स्कॉटलंडमध्ये राहते. पाऊस ताम्हिणीइतकाच हट्टी, पण त्याला आवाज नाही. खिडकीतून टेकडी दिसते आणि टेकडीवर मेंढ्या, पाठीवर निळ्या-लाल रंगाचे ठिपके मारलेल्या. लॅबमध्ये मेंढीचं रक्त तयार बाटलीत येतं. बाटलीवर बॅच नंबर असतो आणि एक्स्पायरी डेट. पहिल्या हिवाळ्यात मी एकदा कुंपणापाशी उभी राहून आबांसारखी हाळी देऊन पाहिली. एकीनंही मान वर केली नाही. घरी कधी जाणार, असं इथले मराठी लोक गणपतीत भेटले की विचारतात. मी सांगते, थीसिस चालू आहे, तिकीट महाग आहे. खरं कारण असं की येतो म्हणून नेलेल्यांना पोचवून आलेल्या मुलीनं त्या अंगणात कुठल्या तोंडानं उभं राहायचं, ते मला ठरवता आलेलं नाही. आबा फोनवर येतात, पाऊस किती, जेवलीस का, एवढं विचारून फोन आईकडे देतात. ये म्हणत नाहीत.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, तुझ्या आबांची मोजणी बिघडलीय. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरताना आबा काठीनं एकेक मोजतात, हे मी जन्मापासून पाहिलेलं. त्यांची मोजणी कधी चुकली नाही. आता कळपात नवी कोकरं आलीत, काही विकली, त्या सहांचा काही संबंध उरलेला नाही, कळप पुरा असतो. तरी शेवटची मेंढी आत गेली की आबा रस्त्याकडे बघत उभे राहतात आणि कमी हायेत म्हणतात.

किती कमी म्हणतात, असं मी विचारलं. मला आकडा माहीत होता. सहा.

"सात म्हंत्यात," आई म्हणाली. "आन वाघरीचं तोंड बांदायचं तसंच ऱ्हातंय. मग मीच जाऊन बांदते."