कापलेले हुंकार

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली.

दादरच्या आमच्या स्टुडिओत वारली बोलीतली गोष्ट रेकॉर्ड करायला जव्हारहून जानकीमावशी आल्या होत्या. मी सगळ्यांना दम भरला, "कुणी आवाज करायचा नाही!"

दोन वाक्यं सांगून मावशी गप्पच झाल्या.

"काय झालं, मावशी?"

"कोणी हुंकार देत नाय. गोष्ट सांगू कोणाला, भिंतीला?"

मग मीच समोर बसून "हं, हं" म्हणत राहिलो. गोष्ट रंगली, मी मात्र आतून खचलो.

बोली जगवतो म्हणून सत्कार घेणारा मी, गावोगावच्या रेकॉर्डिंगमधले ऐकणाऱ्यांचे असे सगळे "हं" इतकी वर्षं नॉइज म्हणून कापत आलोय. मूळ टेपाही ठेवल्या नाहीत.

सांगा, ती माणसं आता कुठून आणू?