मामाजींच्या वस्तऱ्यांसाठी दगड

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, ऐंशीच्या पुढचे. पण दाढी स्वतःच्या हातानं, आणि वस्तऱ्यानंच. वस्तरे तीन. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा. काहून? तर "धारेलेबी आराम लागते."

तिन्ही वस्तरे बेसिनवर स्टीलच्या पेल्यात उभे असत. कोणाचा ना कोणाचा हात लागून पेला आडवा व्हायचा. यंदाच्या मे महिन्यात तो पडला आणि एक वस्तरा उघडून थेट ह्यांच्या पायाच्या अंगठ्याशेजारी आला. ह्यांनी जाहीर केलं, "बाबा, अजून एकदा पडला, का तिन्ही वस्तरे कुलपात. मंग प्लास्टिकचं रेझर वापरा."

मामाजींनी लगेच साबण-ब्रश उचलून ठेवला. दोन दिवस दाढीच केली नाही.

मला ते बघवेना, म्हणून मी बोलून बसले, "म्हैस धडकली तरी हलणार नाही असं दगडाचं स्टँड बनवते मी!" कारागिरीचा माझा अनुभव म्हणाल, तर एकदा भिंतीत खिळा ठोकला होता आणि नेमका नळाचा पाइप सापडला होता.

दगड माहेरचा, मोर्शीचा. भावाच्या संत्र्याच्या बागेत विहीर खोदताना निघालेला, काळा, पावाच्या लादीएवढा. अकोल्यापर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, "देव हाये का?" मी हो म्हटलं. तिनं लगेच सरकून जागा दिली.

शेजारचे चाचा फरशी बसवतात. त्यांनी कटरनं तळ सपाट करून दिला, ड्रिल मशीन दिली आणि बजावलं, "भाभी, वरून पानी चालू ठेवा. पत्थर तपला का तडकते."

सतत पाणी कुठून आणायचं? मी कूलरचा पंप काढला आणि नळी दगडावर सोडली.

आतून हे ओरडले, "कूलर काहून बंद केला?"

"चालूच आहे. सध्या दगडासाठी."

तीन तासांत तीन भोकं! मी भिजलेली, मांडीपर्यंत काळा गाळ, आणि आनंद असा की चाचांच्या घरापर्यंत ऐकू गेला. मामाजी आले. चमचाभर पाणी एका भोकात ओतून बघत राहिले.

"हे पानी जाइन कुठून, सूनबाई? वस्तरा ओला असते. गंजून जाइन नं."

घ्या! मी रुंदी मोजली, खोली मोजली, तीन तास पाण्यात उभी राहिले, आणि पाण्याचाच विचार केला नव्हता.

भोकं आरपार करायची ठरली. धोका शेवटच्या बोटभर दगडाचा. तिथं तडा गेला की सगळंच गेलं, वस्तरेही कुलपात गेले. मामाजींनी खुर्ची ओढली आणि नळी स्वतः धरली. पहिलं आरपार झालं. दुसरंही. तिसऱ्याला मशीनचा आवाज एकदम बदलला.

"थांब! जोर नको देऊ. दाढीवानी कर. वजन मशीनचं, हात फक्त धराले."

मी हात सैल सोडला. टक्! दगड उचलून भोकाला डोळा लावला, तर पलीकडे, कूलरविना बाहेर आलेल्या ह्यांचा घामेजलेला डोळा.

खाली रबराचे चार तुकडे चिकटवले. सकाळी बेसिनवर परीक्षा झाली. ह्यांनी आधी कोपर मारलं, मग चक्क कंबरेनं धडक दिली. वस्तरे जागचे हलले नाहीत. हे मात्र कंबर चोळत बाजूला झाले.

मामाजींनी वस्तरा काढला, चामड्यावर चार वेळा फिरवला आणि इतक्या दिवसांचे पांढरे खुंट सपसप उतरवले. मग आरशातली नजर न काढता वस्तरा मिटून बरोबर भोकात सोडला. मी टाळ्याच वाजवल्या.

हे जरा वेळ हनुवटी खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "बाबा, माहीबी करून देता का?"

मामाजींनी दुसरा वस्तरा उचलला. "बस. पयले तोंड ओलं कर. अन् हासू नको, गाल हालते."