पोलिश पाहुण्याचं खोटं
डांबरगोळ्यांचा वास आला की मला नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं तळघर आठवतं. सत्तरच्या दशकात मी तिथे तत्त्वज्ञान शिकत होते आणि पोलंडहून आलेल्या एका वृद्ध तत्त्वज्ञांना पाली ग्रंथ दाखवायचं काम माझ्याकडे होतं. महायुद्धातून वाचलेल्या या माणसाने पुढे एका खोट्या जबाबावर सही करायला नकार दिला आणि त्यापायी सहा वर्षं तुरुंगवास भोगला, असं ऐकलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघं तळघरात असताना बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज झाला आणि त्यांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. मी दार बडवलं, पण कोणी आलं नाही. ते भिंतीला पाठ टेकून उभे होते, चेहरा घामाने निथळत होता. "बोलत राहा," ते इंग्रजीत म्हणाले, "काहीही बोला." मी घाबरून पाढेच म्हणत सुटले. अर्ध्या तासाने शिपायाने दार उघडलं. "मले वाटलं, सारे जेवाले गेले," तो म्हणाला. तेवढ्यात मागून प्राचार्य आले आणि कुलूप कोणी लावलं म्हणून कडाडले. शिपायाची नोकरी तिथेच गेली असती. "मीच लावायला सांगितलं, मला शांतता हवी होती," पाहुणे म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, तुम्ही खोटं बोललात?" त्यांनी पाण्याचा पेला घेतला. "त्या जबाबावर सही केली असती, तर एक निरपराध माणूस आत गेला असता; आज खरं बोललो असतो, तर त्या शिपायाची नोकरी गेली असती," ते म्हणाले. पुढे मी तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण सत्यावरचा धडा सुरू करताना दर वेळी थोडी अडखळले.